मोडायचे सोने, जपायचे सोने

दसऱ्याच्या संध्याकाळी अमरावतीत अंबादेवी आणि एकवीरेचे दर्शन घेऊन परतणारी माणसे एकमेकांच्या हातावर आपट्याचे पान ठेवतात आणि 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' असे म्हणतात. या पानामागची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेचा हट्ट धरून बसला, तेव्हा गुरूने चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजाने यज्ञात सर्वस्व दान केलेले. घरात पाहुण्याच्या स्वागताला मातीचे भांडे तेवढे उरलेले. मग कुबेराने रातोरात सोन्याचा पाऊस पाडला, आणि आपल्या लोककथेत तो पडला आपट्याच्या झाडावर. कौत्साने त्यातल्या नेमक्या चौदा कोटी मुद्रा मोजून घेतल्या आणि बाकीच्यांना हात लावला नाही.

या कथेतले सोने हारांच्या, तोड्यांच्या किंवा मुकुटांच्या रूपाने पडले नाही, ते नाण्यांच्या रूपाने पडले. तसे नसते तर कौत्साला मोजून घेणे जमले नसते. दागिन्यातले सोने किती आणि डाख किती, हे सोनार जाणे. नाण्याचे तसे नसते. त्याचे वजन ठरलेले, कस ठरलेला आणि त्या दोन्हींची हमी देणारा शिक्का त्याच्या अंगावरच उमटवलेला. नाणे म्हणजे मोजलेले सोने.

आपल्या वऱ्हाडाला हे मोजलेले सोने फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इथले पीक कापसाचे, आणि त्याला नावच पांढरे सोने. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस घराबाहेर पडायचा, त्याचे चुकारे हाती यायचे, उधारी-पाधारी फिटायची आणि उरलेल्या पैशाचे पिवळे सोने व्हायचे. अकोल्याचा सराफा काय किंवा अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतला सराफा काय, दोन्ही बाजारांची तेजीमंदी कापसाच्या भावावर ठरत आली. जूनमध्ये पेरणीच्या वेळी तेच सोने पुन्हा बाहेर निघायचे. वर्षाचे हे चक्र ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला सोने ही चैन वाटत नाही. ज्या घराला दरमहा पगार नाही, त्या घराची ती शिल्लक असते.

आजी-पणजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवून पाहा. चपट्या गोल चकत्या, प्रत्येकीवर आकृती उठवलेली, रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली. आज पुतळीवर लक्ष्मी किंवा राम-सीता दिसतात. परंतु 'पुतळी' हे नाव पडले ते इटलीतल्या व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरून. १२८४ साली सुरू झालेले हे डुकाट नाणे १७९७ मध्ये व्हेनिसचे राज्य बुडेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, जवळजवळ त्याच छापाने आणि त्याच वजनाने पडत राहिले. वजन साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळपास शुद्ध. त्यावर व्हेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असे. अरबी समुद्रातून व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून ते इकडे आले. आपल्या लोकांना ना तो संत ठाऊक, ना तो राजा. त्यांना दिसल्या त्या उभ्या-बसलेल्या पुतळ्या. म्हणून ते नाणे पुतळी झाले आणि मराठी दप्तरांत होन-मोहरांच्या शेजारी जाऊन बसले. पाच शतकांत ज्याचा कस बदलला नाही, त्या परक्या नाण्यावर आपल्या बायकांनी विश्वास टाकला आणि ते थेट गळ्यात घातले.

माळेची सोयही पाहण्यासारखी आहे. गोठ-पाटल्या मोडायच्या तर अख्ख्या मोडाव्या लागतात. माळेतली एकच पुतळी काढता येते, दोरा पुन्हा गुंफता येतो, आणि माळ थोडी आखूड झाली तरी गळ्यातच राहते. तीन लेकींत वाटणी करायची तर सोनाराची कातर लागत नाही. हा दागिना म्हणजे स्त्रीचे बचत खातेच होते.

इंग्रजी अमलात पुतळीच्या जोडीला गिन्नी आली. खरी गिनी हे इंग्लंडचे जुने नाणे १८१४ सालीच बंद पडले होते. १८१७ पासून तिची जागा 'सॉव्हरिन'ने घेतली, पण आपण त्यालाही गिन्नीच म्हणत राहिलो. एका बाजूला राजा किंवा राणी आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून नागासारख्या राक्षसाला मारणारा संत जॉर्ज. १८९९ च्या कायद्याने ही गिन्नी हिंदुस्थानात पंधरा रुपयांच्या दराने चलन म्हणून मान्य झाली. पहिल्या महायुद्धात जहाजे धोक्यात आली, तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतच सुमारे तेरा लाख गिन्न्या पाडल्या गेल्या. त्यांच्यावर सालाजवळ बारीकसे 'आय' हे इंग्रजी अक्षर आहे. ती इंडियाची खूण. त्याच वर्षी मुंबईत पंधरा रुपयांच्या सुमारे एकवीस लाख सोन्याच्या मोहराही निघाल्या. घरात जुनी गिन्नी असेल तर भिंग घेऊन साल आणि ते अक्षर जरूर पाहावे.

गिन्नीचे वजन ७.९८८ ग्रॅम. बाजारात तिला आठ ग्रॅमची म्हणतात. पण ती बावीस कॅरेटची, म्हणजे तिच्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. इंग्रजी अमलातली एक तोळ्याची मोहर ११.६६ ग्रॅमची आणि तीही बावीस कॅरेटची. तिच्यात शुद्ध सोने १०.६९ ग्रॅम. आज सराफ्यात 'तोळा' म्हणजे दहा ग्रॅम धरतात. जुन्या तोळ्याहून हा तोळा दीड ग्रॅमपेक्षाही अधिक लहान आहे. आजीच्या कागदावर 'पाच तोळे' लिहिलेले असेल तर ते ५८ ग्रॅमांवर भरले पाहिजेत, पन्नासावर नव्हे.

वऱ्हाडात सोने आले कसे आणि गेले कसे, याचा हिशेबही कापसाच्या वहीतच सापडतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला न भूतो असा भाव आला. कापूसवाल्यांनी त्या दिवसांत बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे सांगतात. ती आख्यायिका सोडून देऊ, पण पैसा आला हे खरे. युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडले. सोन्याचा भाव चढला आणि नेमके त्याच सुमारास जागतिक मंदीने शेतमालाचे भाव बसले. शेतसारा भरायला आणि सावकाराचे व्याज द्यायला देशभरच्या खेड्यांतून दागिने, मोहरा, गिन्न्या बाहेर पडल्या आणि मुंबई बंदरातून बोटी भरभरून विलायतेला गेल्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'संकटातले सोने' म्हटले आहे. कापसावर जगणारा मुलूख त्यातून सुटणे शक्यच नव्हते. वाईट काळात सोन्याने घर तारले, हे त्या वर्षांनी दाखवले. जे सोने गेले ते बहुतेकांच्या घरी पुन्हा आले नाही, हेही दाखवले.

स्वातंत्र्यानंतर सोन्यावर सरकारचा पहारा बसला. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवण्यावर बंदी आली. सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. ती कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली. पण १९६८ च्या कायद्याने सोन्याची लगड किंवा बिस्कीट घरात ठेवणे हा सामान्य माणसासाठी गुन्हाच राहिला. १९९० साली मधू दंडवते अर्थमंत्री असताना हा कायदा रद्द झाला. आपल्यालाच असा जाच होता असे नाही. अमेरिकेतही १९३३ पासून १९७४ च्या अखेरपर्यंत सामान्य नागरिकाला गुंतवणुकीसाठी सोने बाळगायला मनाई होती. दक्षिण आफ्रिकेने १९६७ मध्ये 'क्रुगरँड' हे नाणे काढले, ते सामान्य माणसाच्या हाती एक औंस सोने सुटसुटीतपणे पडावे म्हणूनच. पुढे कॅनडाचे मेपल लीफ १९७९ मध्ये, चीनचे पांडा १९८२ मध्ये, अमेरिकेचे ईगल १९८६ मध्ये आणि इंग्लंडचे ब्रिटानिया १९८७ मध्ये निघाले. ही सगळी 'बुलियन' नाणी. त्यांच्यावरचा दर्शनी आकडा नावापुरता. किंमत त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाची.

आपल्याकडे १९९७ मध्ये काही बँकांना सोने आयात करण्याची परवानगी मिळाली. नव्या शतकात बँकांच्या काउंटरवर सीलबंद वेष्टनातली नाणी दिसू लागली आणि धनत्रयोदशी-अक्षय्य तृतीयेला त्यांच्यासाठी रांगा लागल्या. परकीय चलनाची ओढाताण झाली तेव्हा, २०१३ साली, रिझर्व्ह बँकेने नाण्यांच्या आयातीवर बंदी घातली. ती फेब्रुवारी २०१५ मध्ये उठली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सरकारने स्वतःचे 'इंडियन गोल्ड कॉइन' काढले. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी, कस ९९९, वजन पाच आणि दहा ग्रॅम. त्यावर रुपयांचा आकडा नाही, कारण ते चलन नव्हे.

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून माणसाचा आणि सोन्याचा व्यवहार पाहणे, हे शिक्षणच असते. नाणे विकत घेणाऱ्यांतले शंभरातले नव्वद जण दोनच प्रश्न विचारीत: शुद्ध आहे ना, आणि आज मुहूर्त किती वाजेपर्यंत आहे. एखादीच दर्यापूरकडची शेतकरीण माय नाणे हातात घेऊन, उलटसुलट करून विचारी, "साहेब, हे तुमी वापस घेता काय?" सगळ्या गर्दीत तो एकच प्रश्न शहाणपणाचा असे. त्याचे उत्तर 'नाही' असे होते. बँकेने नाणे विकावे, पण परत विकत घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विकायचे झाले की पुन्हा सराफ्याचीच पायरी चढावी लागते.

याचा हिशेब एकदा मांडून पाहू. नाण्यातल्या सोन्याची किंमत शंभर रुपये धरा. त्यावर विक्रेत्याची घडणावळ आणि नफा आठ रुपये धरा. कुठे याहून कमी असतो, कुठे जास्त. झाले एकशे आठ. त्यावर २०१७ पासूनचा तीन टक्के जीएसटी. एकूण एकशे अकरा रुपये चोवीस पैसे. दुसऱ्याच दिवशी ते नाणे विकायला नेले, तर घडणावळ मिळत नाही, कर मिळत नाही, आणि घेणारा आपलेही रुपया-दोन रुपये कापतो. हाती आले अठ्ठ्याण्णव. म्हणजे सोन्याचा भाव साडेतेरा टक्के चढेल तेव्हा आपण जिथे होतो तिथे परत येऊ. नाणे जितके लहान, तितकी ही घट मोठी. पाच ग्रॅमचे एक नाणे आणि एकेक ग्रॅमची पाच नाणी यांत सोने सारखेच, पण पाच नाण्यांना पाचदा घडणावळ द्यावी लागते. म्हणून भाव विचारण्याआधी दोन आकडे विचारावेत: आज विकता कितीला, आणि हेच आज परत घ्याल तर कितीला. या दोहोंतले अंतर हीच नाण्याची खरी घडणावळ.

अर्थात सोन्याने दीर्घ पल्ल्यात हे अंतर भरून काढले आहे. दहा ग्रॅमचा भाव १९७० मध्ये सुमारे १८४ रुपये होता, १९९० मध्ये सुमारे ३,२००, २०१० मध्ये सुमारे १८,५००. आणि एप्रिल २०२५ मध्ये तो प्रथमच एक लाख रुपयांना टेकला. परंतु याच प्रवासात २०१३ च्या एप्रिलसारखे दिवसही येऊन गेले, जेव्हा चार दिवसांत भाव कोसळला आणि आदल्या धनत्रयोदशीला घेतलेले नाणे तोट्यात गेले. पुढच्या लग्नसराईत लागणारा पैसा सोन्यात अडकवणे म्हणूनच बरे नव्हे.

आता दुसऱ्या जातीच्या नाण्यांकडे वळू. सुंदर डबी, आत मखमल, प्रमाणपत्र, आणि नाणे आरशासारखे लखलखीत. हे 'प्रूफ' नाणे. पुष्कळांना वाटते, प्रूफ म्हणजे अधिक शुद्ध. तसे नाही. प्रूफ ही घडवण्याची रीत आहे. साचा घासून-पुसून चकचकीत करतात, कोरी चकती तशीच निवडून घेतात आणि ठसा एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दाबतात. त्यामुळे मागची जमीन आरशासारखी आणि वरची आकृती धुके बसल्यासारखी दुधी दिसते. हा शब्द छापखान्यातल्या प्रुफाचाच भाऊ, पण गुण उलटे. लेखकाच्या हाती येणारे प्रूफ म्हणजे चुकांचे आगर. टांकसाळीचे प्रूफ म्हणजे चुकीला जागाच नाही. मुंबईची टांकसाळ स्मारक नाण्यांचे असे प्रूफ संच काढते. ते बहुतेक चांदीचे किंवा चांदीमिश्र धातूचे असतात. सोन्याची प्रूफ नाणी परदेशी टांकसाळी दरवर्षी मोजक्या संख्येने काढतात आणि धातूच्या किमतीहून बऱ्याच चढ्या दराने विकतात.

या चढ्या किमतीत आपण पैसे देतो ते कारागिरीचे आणि दुर्मीळपणाचे. कारागिरी डोळ्यांना दिसते. दुर्मीळपणाचा मात्र विचार करावा. 'फक्त दहा हजार नाणी' असे डबीवर छापलेले असते. पण ते घेऊ इच्छिणारे आठच हजार असतील तर ते दुर्मीळ कसले? अशा कितीतरी नव्या 'मर्यादित' नाण्यांना पुढे धातूच्या भावापेक्षा फारसे कोणी देत नाही. शिवाय प्रूफ नाण्याचा जीव नाजूक. बोटाचा ठसा उमटला, फडक्याने पुसले, डबीतून निघून बांगडीवर घासले, की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरली.

इथे आपल्या घरातली रीत आडवी येते. आपण नाणे आणतो ते लक्ष्मीपूजनाला. चौरंगावर तांदळाची रास, त्यावर नाणे, मग दुधाने स्नान, हळद, कुंकू, अक्षता. घरची लक्ष्मी भक्तिभावाने नाण्याला कुंकू लावीत असताना संग्राहक शेजारी उभा असेल तर त्याला घेरीच यायची! यात चूक कोणाचीच नाही. ज्याची पूजा करायची ते साधे बुलियन नाणे घ्यावे. हळद-कुंकवाने सोन्याचे वजन घटत नाही. ज्याचा संग्रह करायचा ते प्रूफ डबीतच ठेवून, कडेला धरून पाहावे. एकाच नाण्याकडून दोन्ही कामे करून घेऊ नयेत.

संग्रहाचा खरा आनंद मात्र नव्या डबीपेक्षा जुन्या नाण्यांत अधिक आहे, आणि त्यात धातूला मान कमीच. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी जमिनीतून सुमारे सोळाशे नाणी निघाली. आता हा भाग वाशीम जिल्ह्यात येतो. नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. मिश्रधातूची काळपट चिपाटे. मोडीच्या दुकानात त्यांचे काय आले असते? पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी ती वाचली आणि सातवाहन घराण्यातले, पुराणांच्या यादीत नसलेले राजे उजेडात आले. सोळाशे चिपाटांनी वऱ्हाडचा इतिहास दुरुस्त केला. याच्या उलट शिवछत्रपतींच्या होनाचे पाहा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेले, पावणेतीन-तीन ग्रॅमांचे, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले ते सोन्याचे नाणे आज हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच उरले आहे. ते सोन्याचे होते, हाच त्याचा घात. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ते वितळवत गेले.

म्हणून आजीच्या डब्यातले जुने नाणे सोनाराच्या मुशीत टाकण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, नाणी आहेत. ते नाणे खरे असेल, तर सोन्याच्या भावाहून कितीतरी अधिक मोलाचे ठरू शकते. खोटेही असू शकते, कारण गिन्नीच्या नकला सराफ्यात पुष्कळ फिरतात. त्यांत सोने असते, पण नाणे नसते. वजन, व्यास, कडेच्या रेघा आणि अक्षरांची धार यांवरून जाणकार ते ओळखतो. जुने नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र आवरावा. चिंच आणि पितांबरी देवाच्या भांड्यांसाठी.

कायद्याच्या चार गोष्टीही घरात माहीत असाव्यात. शेत नांगरताना गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते गुपचूप वितळवणे गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परदेशी नेता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या सुनेला पणजीची पुतळी धाडण्याआधी विचार करावा. आता तर १९१८ ची गिन्नीही शंभरी ओलांडून बसली आहे. विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम सोने प्राप्तिकराच्या छाप्यात जप्त करत नाहीत, ही ११ मे १९९४ ची सूचना सर्वांना पाठ असते. पण ती दागिन्यांपुरती आहे, नाण्यांना ती लागू नाही. तेव्हा नाण्याची पावती नाण्याइतकीच जपावी. आणि नाण्यांवर बँका कर्ज देतात ते पन्नास ग्रॅमपर्यंतच. बिस्किटावर तर देतच नाहीत.

हे सगळे सांगण्याचे कारण या कायद्याकानूंपेक्षा निराळे आहे. जूनच्या पहिल्या पावसात बँकेच्या गहाणखात्यापुढे उभी राहणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. बियाण्याला पैसे नाहीत, म्हणून रुमालात बांधून आणलेली एकदाणी, बायकोच्या कानातले, सुनेची पोत. वजनकाट्यावर ती पोत ठेवताना धन्याची नजर खाली असे आणि बाहेर बाकावर बसलेली बाई पदर गळ्याशी धरून भिंतीकडे पाहत असे. कापूस पिकला तर संक्रांतीपर्यंत सोडवायचे. नाही पिकला तर व्याज चढत जाणार. बँकेपर्यंत न पोचलेल्यांची गत याहून वाईट. सावकाराकडे अडकलेल्या अशा कर्जांतून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी २०१५ मध्ये राज्य शासनालाच योजना आणावी लागली. त्या वजनकाट्यावर मी दागिने हजारोंनी पाहिले. नाणी फार थोडी पाहिली.

कारण नाणे असलेल्या घरातली बाई त्या बाकावर सहसा येत नाही. तिच्या घरी पेरणीसाठी एक-दोन नाणी सराफ्यात जातात. त्यांना कोणाच्या लग्नाची, बारशाची, माहेरची आठवण चिकटलेली नसते. ती मोडताना डोळ्यांत पाणी येत नाही आणि पोत गळ्यातच राहते. साध्या, डबी नसलेल्या, सहज विकता येणाऱ्या बुलियन नाण्याचे आमच्या कापसाच्या मुलखातले खरे काम हे आहे.

तेव्हा घरातल्या सोन्याचे दोन डबे करावेत. एका डब्यात मोडायचे सोने: पाच-दहा ग्रॅमची साधी नाणी, नाहीतर सराफाकडची चोख वेढणी, कमीत कमी घडणावळीची, पावतीसकट, आणि कोण किती भावाने परत घेईल हे आधीच विचारून ठेवलेली. दुसऱ्या डब्यात जपायचे सोने: आजीची पुतळी, मुंबईच्या छापाची गिन्नी, हौस आणि ऐपत असेल तर एखादे प्रूफ. मोडायच्या सोन्यात हौसेचे पैसे घालू नयेत आणि जपायच्या सोन्याचा रोजचा भाव पाहू नये. कोणत्या डब्यात काय आहे, हे घरातल्या एकट्या कर्त्या पुरुषाला माहीत असून भागत नाही. वेळ येते तेव्हा नेमका तोच नसतो, आणि मग मुले जपायचे सोने मोडून बसतात. यंदाच्या धनत्रयोदशीला नवे नाणे घेतले नाही तरी चालेल. घरातल्या बायकामाणसांना, लेकीसुनांना जवळ बसवून दोन्ही डबे उघडावेत, प्रत्येक नाण्याचे वजन, साल आणि किंमत एका वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी, आणि ती वही त्यांच्याकडेच ठेवावी.